गाडी थरथरते म्हणून थेट फ्लायव्हील बदलायला निघालात? आधी ती ‘कधी’ थरथरते ते बघा

औंढा नागनाथला मंदिराजवळ आमच्या एका मित्राचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. श्रावणात चार पैसे बरे सुटतात, महाशिवरात्रीला त्याहून बरे. अशा पैशातून माणूस प्लॉट घेतो, ट्रॅक्टर घेतो. आमच्या पठ्ठ्यानं पुण्याहून दोन दरवाज्यांची, टर्बो इंजिनची, दहा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार आणली.

घरच्यांनी त्याला काय काय ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही. पण गाडी आली त्या दिवशी सगळ्यात आधी आत जाऊन बसले ते त्याचे वडीलच, हेही खरं.

तिसऱ्या महिन्यात गाडी थरथरायला लागली. सकाळी स्टार्ट करताना खडखड. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना हिव भरल्यासारखे झटके. आणि चौथ्या गिअरमध्ये हळू चालवली की पायाखालून गुरगुर.

त्यानं व्हिडिओ काढला आणि वेगवेगळ्या शहरांतल्या तीन गॅरेजवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पहिला म्हणाला फ्लायव्हील गेलं, क्लचसकट सगळा सेट बदला, खर्च लाखाच्या वर. दुसरा म्हणाला इंजिनचं फाउंडेशन बसलंय. तिसरा म्हणाला गिअरबॉक्स खोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही, गाडी ट्रकवर टाकून पाठवा.

तिघांपैकी एकानंही गाडी चालवून बघितली नव्हती. आणि एकानंही एक साधा प्रश्न विचारला नव्हता, की बाबा, ती नेमकी कधी थरथरते?

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे हे समजून घ्यायचं तर औंढ्यापासून लांब जायची गरज नाही. उलट जवळच जायचं आहे.

दुधाळ्याच्या शिवारात थरथरीवरच काम चाललंय

औंढा म्हटलं की नागनाथ. गेली काही वर्षं त्याच्या जोडीला अजून एक नाव येतं, ते म्हणजे लायगो. औंढा तालुक्यातल्या दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारनं २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मंजुरी दिली, २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली आणि ११ मे २०२३ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली.

इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत आणि १४ सप्टेंबर २०१५ ला त्यांनीच पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. या यंत्राला जो बदल मोजायचा असतो तो प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहून लहान असतो. म्हणजे लांबून गेलेल्या ट्रकचा हादरासुद्धा त्याच्यासाठी भूकंपच. जागा शोधताना जमीन शांत आहे का, हे बघावं लागलं ते त्यामुळे.

पण जमीन कितीही शांत असली तरी थोडी हलतेच. मग अमेरिकेतल्या लायगोत काय केलंय? ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या झुलत्या लोलकाला टांगलेत. वरचा टप्पा हलला तरी खालचा आरसा जवळपास हलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा क्लचशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो घरबसल्या बघता येतो.

एक कुलूप घ्या आणि हातभर दोरीला बांधा. हात एकदम सावकाश डावीकडे-उजवीकडे न्या. कुलूप हाताबरोबर फिरतं. आता वेग थोडा वाढवा. एका ठरावीक वेगाला कुलूप वेड्यासारखं झोके घ्यायला लागतं, हात वीतभर हलतो आणि कुलूप हातभर. याला अनुनाद म्हणतात. आता हात त्याहून खूप भरभर हलवा. कुलूप जागच्या जागी! हात थरथरतोय आणि कुलपाला पत्ताच नाही.

सावकाश, अनुनादाचा वेग आणि भरभर, या तीन अवस्था लक्षात ठेवा. लायगोचा आरसा तिसऱ्या अवस्थेत ठेवलेला असतो. आणि तुमच्या गाडीचा गिअरबॉक्ससुद्धा तिसऱ्याच अवस्थेत राहावा म्हणून फ्लायव्हीलवाल्यांनी अख्खी कारागिरी पणाला लावलीय.

फ्लायव्हील नेमकं काय करतं?

इंजिन गुळगुळीत फिरतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते धक्के देत फिरतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडरमध्ये स्फोट होतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर मिनिटाला १६०० धक्के, म्हणजे सेकंदाला साधारण २७. प्रत्येक धक्क्याला क्रँक झटक्यानं पुढं जातो आणि पुढच्या धक्क्यापर्यंत थोडा मंदावतो.

हे झटके कमी करायला क्रँकच्या टोकाला जड लोखंडी चकती बोल्टनं बसवतात. तेच फ्लायव्हील. कुंभाराचं चाक बघितलं असेल तर वेगळं सांगायला नको, एकदा फिरवलं की वजनाच्या जोरावर फिरत राहतं. याच चकतीच्या कडेला स्टार्टरसाठी दाते असतात आणि याच चकतीच्या तोंडावर क्लच प्लेट दाबली जाते.

क्लचचा कारभार सोपा आहे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट पापडासारखी दाबलेली असते. पायानं पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढं सरकून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला ढकलतं, दाब सुटतो, क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडलं की पुन्हा दाब बसतो आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे जातो.

जुन्या गाड्यांमध्ये फ्लायव्हील म्हणजे एकच ठोकळा असायचा. झटके झेलायला क्लच प्लेटच्या मधोमध चार-सहा लहान स्प्रिंगा असायच्या. अडचण अशी की या रचनेत ते कुलूप वेडं होण्याचा जो वेग असतो, तो नेमका आपण रोज गाडी चालवतो त्या फेऱ्यांमध्ये येतो. म्हणून गिअरबॉक्स कडकड वाजतो.

त्यावर उपाय निघाला ड्युअल मास फ्लायव्हीलचा. ठोकळ्याचे दोन भाग केले. एक इंजिनला घट्ट, दुसऱ्यावर क्लच. दोघांच्या मध्ये कमानीसारख्या वाकवलेल्या लांब स्प्रिंगा, ग्रीसमध्ये बुडवलेल्या. इंजिनकडचा भाग म्हणजे तुमचा हात, स्प्रिंग म्हणजे दोरी आणि क्लचकडचा भाग म्हणजे कुलूप. अनुनादाचा वेग खाली ढकलला, इतका खाली की तो इंजिनच्या आयडलच्याही खाली गेला. त्यामुळे गाडी चालू असताना आपण कायम तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे शांत.

जर्मनीच्या लुक कंपनीनं १९८५ पासून हे फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं. ही कंपनी आज शेफलर समूहात आहे आणि शेफलर इंडियाचं मुख्यालय आपल्या पुण्यात.

मात्र यात एक गोम आहे. अनुनाद खाली ढकलला म्हणजे तो गायब झाला असं नाही. स्टार्टर मारल्यापासून आयडलपर्यंत पोचताना आणि बंद करताना शून्यावर येताना इंजिनला त्या वेड्या वेगातून जावंच लागतं. चांगल्या गाडीत हे डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतं, म्हणून कळत नाही. जिथं रेंगाळलं तिथं खडखड.

मित्राच्या गाडीची सकाळची खडखड आठवतेय ना? ती डोक्यात ठेवा.

आता तो प्रश्न : कधी थरथरते?

व्हिडिओवर विसंबलेल्या त्या तीन गॅरेजनंतर मित्र गेला हिंगोलीला, औंढ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथले एक मिस्त्री. सगळा जन्म जीप, डिझेल गाड्या आणि ट्रॅक्टर उघडण्यात गेलेला. स्पोर्ट्स कार बघून ते म्हणाले, “गाडी लहान असो मोठी असो, क्लच तोच.” आणि त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी अर्धा तास गाडी चालवली. हे सगळं मी मागच्या सीटवर बसून बघितलं. त्या गाडीची मागची सीट म्हणजे शिक्षा आहे, पण ते असो.

त्यांची पद्धत कुठल्याही मॅन्युअल गाडीला लागू पडते. सगळा खेळ एवढाच की थरथर कुठल्या वेळी येते आणि काय केल्यावर जाते.

पहिलं बघायचं ते क्लच अर्धा सुटताना. गाडी उचलताना, हाफ क्लचवर थरथरते आणि पेडल पूर्ण सुटलं की शांत होते, तर क्लचची पकड एकसारखी बसत नाहीये. प्लेटवर तेल आलंय, फ्लायव्हीलचं तोंड तापून त्यावर निळे डाग पडलेत, प्रेशर प्लेट एका बाजूनं जास्त दाबतेय, प्लेट वाकलीय, किंवा इंजिनचं फाउंडेशन सैल आहे. यातलं काहीही असू शकतं. म्हणून हीच चाचणी रिव्हर्समध्येही करायची. फाउंडेशन गेलेलं असेल तर पुढं जाताना आणि मागं जाताना इंजिन वेगवेगळ्या बाजूला कलतं आणि झटक्यांत फरक पडतो. बॉनेट उघडून एकानं बाजूला उभं राहून बघायचं, दुसऱ्यानं ब्रेक दाबून क्लच जरासा सोडायचा. गाडीच्या समोर किंवा मागं कुणी उभं राहायचं नाही, हे मिस्त्रींनी दोनदा बजावलं.

दुसरी चाचणी उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये. पेडलवर पाय नसताना आवाज येतोय आणि पेडल दाबलं की गेला, तर घोळ क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला, कारण पेडल दाबल्यावर ती मंडळी फिरायची थांबतात. गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग असेल, प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या असतील. फ्लायव्हीलनं झटके गाळणं सोडलं असेल तरी गिअरबॉक्स असाच वाजतो. उलट पेडल दाबल्यावरच घरघर सुरू झाली तर आधी संशय रिलीज बेअरिंगवर. आणि दाबा नाही तर सोडा, काहीच फरक पडत नसेल तर इंजिन, फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट, कारण हे तिघं कायम एकत्रच फिरतात.

इथं एक गोष्ट बरेच जण विसरतात. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे नीट पेटत नसेल, तर धक्के असमान होतात आणि अख्खी गाडी हलते. चांगलं फ्लायव्हीलसुद्धा अशा इंजिनवर खडखड वाजतं. अशा वेळी नवीन फ्लायव्हील टाकलं तर तेही लवकर बाद होणार. म्हणून स्कॅनर लावून मिसिंग आहे का हे आधी बघायचं. मित्राच्या गाडीत नव्हतं.

तिसरं, स्टार्ट-बंद करतानाची खडखड. इथं सगळे थेट फ्लायव्हीलवर खापर फोडतात. मिस्त्रींनी दुसरी चांगली बॅटरी आणून जोडली आणि स्टार्टर मारला. खडखड जवळपास गेली! झालं होतं असं की गाडीची बॅटरी अशक्त, स्टार्टर सावकाश फिरवायचा आणि इंजिन त्या वेड्या वेगात नको तितका वेळ रेंगाळायचं. बॅटरी बदलूनही आवाज तसाच राहिला असता तर मात्र फ्लायव्हीलवरचा संशय पक्का झाला असता.

चौथं, ज्यात सगळ्यात जास्त लोक फसतात. थरथर इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे की गाडीच्या वेगावर? सरळ मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाला आधी चौथ्यात आणि मग पाचव्यात चालवायची. गिअर बदलला की इंजिनचे फेरे बदलतात, चाकांचे नाही. थरथर दोन्ही गिअरमध्ये तेवढीच असेल तर क्लचला हातही लावू नका, चाकं, टायर किंवा अ‍ॅक्सल बघा.

अर्ध्या तासाच्या शेवटी मिस्त्रींचा हिशोब असा होता. खडखड बॅटरीची. गुरगुर कशाची ते नंतर सांगतो म्हणाले. आणि हाफ क्लचचे झटके तेलाचे, कारण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खालून एक काळा थेंब लोंबत होता. त्यांनी तो बोटावर घेतला, वास घेतला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, याला नव्हता. “इंजिनचं आहे. मागचं सील.”

गिअरबॉक्स उतरल्यावर

गिअरबॉक्स उतरवणं हे या कामातलं खरं कष्टाचं. मजुरीचा मोठा वाटा तिथंच जातो. इंजिन सीटच्या मागं असलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये तर अजून आडवळण. दिलीप छाब्रियांच्या डीसीनं २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली अवंती अशी होती, इंजिन पाठीमागं. मित्राच्या गाडीचं इंजिन पुढं होतं, एवढं नशीब.

आत बघितलं तर क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून क्लच प्लेटच्या एका बाजूला लागलं होतं. अर्धी प्लेट कोरडी, अर्धी तेलकट. कोरडी बाजू पकडते, तेलकट बाजू सुटते, पुन्हा पकडते, पुन्हा सुटते. हिव भरल्याचे झटके ते हेच. अशी प्लेट पेट्रोलनं धुऊन परत वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तेल तिच्या आतपर्यंत मुरलेलं असतं.

आता लाखमोलाचा प्रश्न, फ्लायव्हीलचं काय?

इथं डोळ्यांनी ठरवायचं नसतं, मोजायचं असतं. ड्युअल मास फ्लायव्हीलचा क्लचकडचा भाग हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवून बघायचा. स्प्रिंगचा जोर लागायच्या आधी तो किती मोकळा फिरतो, हे कडेचे दाते मोजून कळतं. मग डायल गेज लावून तो पुढं-मागं किती डुलतो ते बघायचं. थोडा मोकळेपणा नव्या फ्लायव्हीलमध्येही असतो, त्यामुळे ‘हलतंय म्हणजे गेलं’ हे गणित चुकीचं. प्रत्येक फ्लायव्हीलची मर्यादा वेगळी असते आणि ती त्याच्या पार्ट नंबरप्रमाणे कंपनीच्या तक्त्यात बघावी लागते. दोन हजारांत दोन गाड्यांचं फ्लायव्हील ‘बघून’ सांगणारा आणि तक्ता काढून सांगणारा, यातला फरक इथं कळतो.

मोजमापापलीकडे तीन गोष्टी सरळ नापास करणाऱ्या. ग्रीस बाहेर फेकलं गेलंय, तोंडावर भेगा पडल्यात, किंवा आतून काहीतरी तुटून खुळखुळतंय. तसं असेल तर मन घट्ट करायचं आणि बदलायचं. एकसंध जुन्या पद्धतीचं फ्लायव्हील असेल तर मर्यादेत राहून लेथवर त्याचं तोंड साफ करून घेता येतं, आपल्याकडचे टर्नर ते झकास करतात. ड्युअल मासला मात्र सहसा लेथ लावत नाहीत.

मित्राचं फ्लायव्हील मर्यादेत बसलं. भेगा नाहीत, निळे डाग नाहीत, ग्रीस जागेवर. ते काढलं, कारण सील त्याच्यामागंच असतं. मग साफ पुसून परत बसवलं. बदललं काय तर सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट. बेअरिंग चांगलं होतं तरी बदललं, कारण तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं परवडत नाही. बोल्ट का? तर या गाडीतले बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. कंपन्या म्हणूनच ते नवीन टाकायला सांगतात.

माझं मत विचाराल तर फ्लायव्हील वाचवायचा हट्टही बरा नव्हे. मोजमाप मर्यादेच्या अगदी कडेला असेल आणि गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची असेल, तर गिअरबॉक्स उतरलेला असतानाच ते बदलणं शहाणपणाचं. पण मोजल्यावर. व्हिडिओ बघून नाही.

बसवतानाच्या चुका हा वेगळाच विषय आहे. कितीतरी वेळा जुनी थरथर जाते आणि गॅरेजमधून नवी घेऊन गाडी बाहेर पडते. नव्या प्रेशर प्लेटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो पुसलाच नाही की नवी प्लेट पहिल्याच दिवशी तेलकट. दांड्याच्या खाचांना ग्रीस जरासंच लावायचं, जास्त झालं की ते फिरताना उडून प्लेटवरच येतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूनं न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्लच प्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही. प्लेट वाकते आणि मग नव्या क्लचला हिव भरतं. मिस्त्रींनी तेवढ्यासाठी दोन पोरांना अर्धा तास गिअरबॉक्स जॅकवर धरून ठेवायला लावलं. पोरं वैतागली होती.

साधं फ्लायव्हील टाकलं तर?

दुकानात या काळात एक शहाणा सल्ला रोज येत होता. कशाला ते महागडं स्प्रिंगवालं, एकसंध हलकं फ्लायव्हील टाक, स्वस्त पण आणि पिकअप पण वाढेल.

सल्ला पूर्ण खोटा नाही. हलकं फ्लायव्हील असलं की इंजिन पटकन चढतं, रेसिंगवाले वापरतातच. पण कुलपाची दोरी काढून कुलूप थेट हातात घट्ट धरल्यासारखं ते होतं. हात हलला की कुलूप हलणार. झटके थेट गिअरबॉक्समध्ये.

या दोन्ही टोकांचा धडा खुद्द पोर्शनं घेतलाय. त्यांच्या ९११ मालिकेतल्या ९६४ या मॉडेलच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हीलमध्ये स्टीलच्या स्प्रिंगांऐवजी रबर वापरलं होतं. रबर टिकलं नाही, तक्रारी आल्या, मग लुकचं स्टील स्प्रिंगचं फ्लायव्हील आलं. त्याच मॉडेलच्या हलक्या आरएस गाडीत हलकं फ्लायव्हील दिलं, तर गाडी चपळ झाली पण थांबताना इंजिन बंद पडायची खोड लागली. हलक्या चकतीत इंजिनला पुढच्या धक्क्यापर्यंत ओढून नेण्याइतकी ताकद साठत नाही.

आणि ही फक्त पोर्शवाल्यांची चैनीची दुखणी आहेत असं समजू नका. आपल्या मराठवाड्यातच, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. २००४ साली भारतात ऑक्टाव्हिया आरएस आली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल. त्या काळात ‘फॅमिलीची गाडी’ म्हणून बापाला पटवून घेतलेली स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. टर्बो डिझेल गाड्या घरोघरी आल्या तसं ड्युअल मास फ्लायव्हीलही घरोघरी आलं. तुमच्या गाडीत ते असेल आणि तुम्हाला माहीत नसेल, ही शक्यता भरपूर आहे. ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक असली तरी सुटका होईलच असं नाही, तशा बऱ्याच गाड्यांतही ते असतं.

राहिली ती गुरगुर

चौथ्या गिअरमध्ये हळू चालवताना येणारी. क्लच नवा, बॅटरी नवी, सील नवं, तरी ती होतीच. मित्राचा चेहरा पडला.

मिस्त्री त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “चालव रोजच्यासारखी.” औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर समोर बैलगाडी आली. मित्रानं वेग कमी केला, पण गिअर चौथाच. बैलगाडी ओलांडून तसाच अ‍ॅक्सिलेटर दाबला. काटा हजाराच्या आसपास आणि पायाखाली गुरगुर सुरू.

“खाली का नाही घेतला?”

“अ‍ॅव्हरेज.”

आपल्याकडे हे गाडी शिकवतानाच कानात भरवतात, वरचा गिअर म्हणजे अ‍ॅव्हरेज. पण इतक्या कमी फेऱ्यांवर जोर मागितला की धक्के संथ होतात आणि प्रत्येक धक्का मोठा होतो. संथ म्हणजे अनुनादाच्या जवळ. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवरही भरपूर जोर देतं, त्यामुळे मार अजून जास्त. त्या कमानीतल्या स्प्रिंगा अशा वेळी पार टोकापर्यंत दाबल्या जातात. ड्युअल मास फ्लायव्हील लवकर संपवायचं असेल तर याहून चांगला उपाय नाही. तिसऱ्यात घेतली, फेरे दीड-दोन हजारांवर गेले आणि गुरगुर गायब. या दुरुस्तीचे पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत.

एकूण खर्च पहिल्या गॅरेजनं सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला. तरी तो आकडा मित्रानं घरी अजून सांगितलेला नाही, त्यामुळे मीही सांगणार नाही.

परवा त्याचा फोन आला. गाडी पुन्हा थरथरतेय. नव्वदच्या पुढं गेलं की स्टिअरिंग हलतं. मी म्हटलं, व्हिडिओ पाठव. तर म्हणाला, “व्हिडिओ कशाला? चौथ्यात बघितलं, पाचव्यात बघितलं, दोन्हीत तेवढंच हलतं. मी टायरवाल्याकडेच उभा आहे. बॅलन्सिंगला टाकलीय, वजनं पडलेली निघाली.”